लाल खुंटीवरचं जॅकेट

चष्म्याच्या दांडीचा स्क्रू आवळायचा होता, म्हणून बारका स्क्रूड्रायव्हर काढायला मी स्वेटरच्या खिशात हात घातला आणि हाताला नळकांडी लागली. समोरच्या खुर्चीत एक आजोबा बसले होते. त्यांचा चष्मा माझ्या डाव्या हातात, त्यामुळे ते भिंतीवरच्या फ्रेमांकडे उगाचच हसून बघत होते. मी नळकांडी बाहेर काढली नाही. खिशातल्या खिशात तिच्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याहून थोडी जाड, गार, आकाराच्या मानाने जड. टोकाला आटे, आणि आट्यांच्या मधोमध गुळगुळीत टोपण. टोपण गुळगुळीत म्हणजे नळकांडी भरलेली. त्यावर बोट फिरवलं आणि मी काउंटरचा काठ धरला. आजोबा म्हणाले, "सापडत नाही का हो? घाई नाही मला." मी म्हटलं, "सापडलं." आणि तशीच उभी राहिले.

ही नळकांडी फुगणाऱ्या लाइफ जॅकेटच्या आत असते. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढायची, आतली सुई नळकांडीला भोक पाडते, गॅस सुटतो, जॅकेट फुगतं आणि माणसाचं तोंड पाण्याच्या वर धरून ठेवतं. नळकांडी नसेल तर ते जॅकेट म्हणजे गळ्यात अडकवलेलं फडकं. हे मी दर महिन्याला होडी क्लबातल्या नवशिक्यांना सांगते, हातवारे करून, आणि तेव्हा ते हसतात. वर्गात प्रत्येकाला दोरी ओढून बघायची असते, दर वेळी जॅकेट फुगवत बसलो तर संपलंच, म्हणून मी वर्गाआधी एका जॅकेटातली नळकांडी काढून ठेवते. वर्ग संपला की परत बसवते. बसवायची राहिली, तर जॅकेट लाल खुंटीवर टांगायचं. बाकीच्या खुंट्या निळ्या, एक लाल. लाल खुंटीवरचं घालायचं नाही, हे माझंच खूळ, रंगसुद्धा मीच दिला. काल संध्याकाळी वर्ग होता. वर्ग सुटताना एक नवशिकी बाई माझ्याजवळ आली आणि म्हणाली, तुम्ही चष्म्याच्या दुकानात असता ना, माझी दांडी बघा ना जरा सैल झालीय. माझ्या एका हातात नळकांडी होती. ती मी खिशात टाकली, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, आणि तिथेच टेबलाशी वाकून तिचा चष्मा ठीक करून दिला. धंदा कुठे पाठ सोडतो! तिने आभार मानले. मग मी जॅकेट उचललं आणि टांगलं. कुठल्या खुंटीवर टांगलं? ते काही केल्या आठवेना. आणि आज माझा नवरा आणि माझी लेक त्या क्लबातून, त्या भिंतीवरची जॅकेटं घालून, तलावात गेली होती.

आजोबांचा चष्मा मी आवळला, पुसला, त्यांच्या नाकावर ठेवला, कानामागे बोट घालून बघितलं. हात आपलं काम करत होते. मग आतल्या खोलीत जाऊन नवऱ्याला फोन लावला. वाजत राहिला. लेकीला लावला. वाजत राहिला. लागणारच नाही, मला माहीत होतं. होडीत पाय ठेवायच्या आधी सगळ्यांचे फोन पाणी न शिरणाऱ्या डब्यात घालायचे, झाकण दाबून बंद करायचं आणि डबा फळीखाली ठेवायचा. हासुद्धा माझाच नियम. यावरून घरात केवढी वादावादी झाली होती. नवरा म्हणाला होता, "अगं, तिथे फोन वाजला तर उचलायचा नाही का? कुणाचं काही अडलं असलं तर?" मी म्हटलं होतं, "पाण्यावर असताना कुणाचं काही अडत नाही." आता मी दुकानाच्या आतल्या खोलीत, काचांच्या खोक्यांमध्ये उभी राहून डब्यात वाजणारा फोन ऐकत होते. क्लबाच्या फोनवर लावला. तोही कुणी उचलेना. मालकांना सांगितलं, घरी जरा गडबड आहे, जाते. ते म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "अजून काही नाही." ते विचित्र वाटलं असेल त्यांना, पण त्या क्षणी याहून खरं बोलता आलं नसतं.

टॅक्सीत बसले आणि पहिलं काम केलं ते वारा बघण्याचं. मला वारा दिसतो. कापडाच्या दुकानावरचं छप्पर फडफडत होतं, एका गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी सगळ्या एका बाजूला ताणल्या होत्या, फुटपाथवरची बाई एका हाताने केस आणि दुसऱ्या हाताने पदर धरून चालली होती. गावात एवढा, म्हणजे तलावावर दीडपट. तलावातल्या बेटाच्या पलीकडे तर विचारूच नका. टॅक्सीवाला आरशातून बघून म्हणाला, "हवा छान सुटलीय, बाई." माझ्या ओठांवर आलं होतं, तुमची हवा गेली खड्ड्यात. लोकांना वाटतं मी आधीपासून अशी आहे, कुणीतरी बुडालेलं पाहिलंय मी. नवशिके वर्गानंतर हळू आवाजात विचारतातच, "ताई, तुमच्या घरी कुणी...?" नाही हो. आमच्या घरी कुणीही बुडालेलं नाही. आमच्याकडची माणसं आपापल्या अंथरुणात, औषधं घेऊन, रीतसर मेली. पण भीतीला कारण दिल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही. कारण नसलेल्या भीतीला ते स्वभाव म्हणतात, आणि स्वभाव म्हटला की हसायला मोकळे. मी क्लबात आले तीसुद्धा नवऱ्याच्या मागे, नाइलाजाने. त्याने दोघा मित्रांबरोबर जुनी शिडाची होडी घेतली होती. पहिल्या दिवशी मी तिच्यात बसले ती फळीत नखं रोवून. होडी जरा कलली की माझ्या मनात ती पुरती उलटायची, मग मी खाली जायची, हिरव्या पाण्यात, मग नवरा, मग लेक, तेव्हा केवढीशी होती, तिची चप्पल तेवढी वर तरंगत राहायची. हे सगळं एका कलण्यात. होडी सरळ व्हायची, आम्ही तिघं जिवंत, नवरा शीळ घालतोय. धक्क्याला लागल्यावर मी क्लबाच्या चिटणीस बाईंना विचारलं, उलटली तर काय करायचं? त्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, सगळे त्यांना गणितबाई म्हणतात. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारी तू पहिली. तूच शिकव आता." अशी मी शिक्षिका झाले. भीतीला निदान बसायला पाट मिळाला.

मग मी सगळं शिकले. गार पाण्यात पडल्यावर आधी दम लागतो, माणूस आपोआप तोंड उघडून श्वास ओढतो आणि त्या पहिल्या श्वासातच पाणी जातं, हे शिकले. उलटलेल्या होडीला सोडून पोहत किनाऱ्याकडे जायचं नाही, हे शिकले. जॅकेटचा पट्टा किती आवळायचा, तर खाली दोन बोटं जातील आणि तिसरं जाणार नाही इतका. नळकांडी चुकून नसलीच, तर बाजूच्या रबरी नळीत तोंडाने फुंकून जॅकेट फुगवता येतं, तेही शिकले आणि शिकवलं. टॅक्सीत ते आठवलं आणि क्षणभर सुटल्यासारखं झालं. फुंकता येतं की! पण मग लगेच वर्गातलंच माझं वाक्य समोर उभं राहिलं. भीती वाटली की पहिलं काय जातं? शिकलेलं जातं. आणि नवरा तर मुळात शिकलेलाच नाही. इतक्या वर्षांत तो माझ्या वर्गाला एकदाही बसला नाही. क्लबात सगळ्यांसमोर म्हणतो, "वर्गाला कशाला बसू? माझा वर्ग घरी रोजच भरतो." लोक खो खो हसतात, मीही हसते. चार लोकांत तोंड वाकडं करून काय मिळणार? क्लबात माझं नाव शिट्टी पडलंय, कारण जॅकेट न घालता कुणी धक्क्यावर पाय ठेवला की मी शिट्टी फुंकते, मग तो अध्यक्ष असो नाहीतर आणखी कुणी. नवऱ्याने त्यावरूनही मजा करून घेतली आहे. म्हणतो, मी झोपेत कूस बदलली तरी शिट्टी वाजते.

गेल्या थंडीत त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डावा हात छातीच्या वर जात नाही. तरी सुकाणू धरता येतं म्हणून जातो. पोहणं आता विसराच. खांद्यामुळे फोमचं जाड जॅकेट त्याला काचतं, म्हणून तो फुगणारं घालतो. आणि फुगणारी क्लबात मोजकीच आहेत. हे सगळं मी टॅक्सीच्या खिडकीबाहेर बघत जुळवत होते, एकेक गोष्ट दुसरीला चिकटत होती आणि मधे कुठे फट राहत नव्हती. सिग्नलला गाडी थांबली. शेजारच्या गाडीत एक मूल काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होतं. मी डोळे मिटले आणि कालच्या संध्याकाळीत शिरले. टेबल. बाईचा चष्मा. ती गेली. मी जॅकेट उचललं, ते हलकं लागलं. हो, हलकं लागलं, आणि मला वाटलं होतं, हलकं आहे. मग मी भिंतीशी गेले. भिंतीशी शेवटच्या टोकाला, खिडकीजवळ, कारण तिथे उभी असताना मला तलाव दिसला होता आणि पाणी काळसर झालं होतं. लाल खुंटी खिडकीजवळ आहे. निळ्या खुंट्यांपासून तलाव दिसत नाही! मी डोळे उघडले. मी लाल खुंटीवरच टांगलं होतं. सवय होती हाताला, हात कसा चुकेल? अंगातून कुणीतरी दोरी सोडल्यासारखं सैल झाले. हसूच आलं. टॅक्सीवाल्याला म्हटलं, "खरंच छान हवा आहे." तो म्हणाला, "तर काय!" वाटलं, इथूनच परत फिरावं. आजोबांच्या चष्म्याला नाकाच्या गाद्या बदलायला हव्या होत्या, ते राहिलंच. पण मी परत फिरले नाही. म्हटलं, आलेच आहे तर नळकांडी बसवून टाकू.

क्लबाच्या खोलीत कुणी नव्हतं. ओल्या दोरांचा आणि वार्निशचा वास. मी सरळ खिडकीकडे गेले. लाल खुंटी रिकामी होती. मी तिच्यावर हात ठेवला. रंगाचा एक पोपडा निघाला होता तिथे नख लागलं. मग खाली बघितलं, पडलं असेल. मग सगळ्या निळ्या खुंट्या बघितल्या, एकेक जॅकेट हातात घेऊन, वजन करून. सगळी जड. मागून गणितबाई आल्या, हातात दोराचं वेटोळं. "अगं शिट्टी, आज इकडे कुठे? दुकान नाही का?" मी म्हटलं, "इथलं जॅकेट कुठाय?" त्या म्हणाल्या, "ते ना, कप्तानांनी नेलं." नवऱ्याला सगळे कप्तान म्हणतात. "मी म्हटलं, अहो, दुसरं घ्या. तर म्हणतात कसे, हे बायकोच्या खुंटीवरचं, शिट्टीसुद्धा बांधलीय तिने. तिच्या हातचं म्हणजे डोळे मिटून घालावं. मला वाटलं, तू नळकांडी बसवून त्यांच्यासाठीच ठेवलंयस." मी ऐकत होते. बायकोची खुंटी. एवढी वर्षं मी त्या एकाच खुंटीवर जॅकेट टांगते हे त्याने पाहिलं होतं, ती लाल का आहे ते कधी ऐकलं नव्हतं. वर्गात ऐकलं असतं. घरी मी त्याला गॅसचं बटण, जिन्याचा दिवा, गोळ्यांच्या वेळा, ओला पाय, सगळं सांगितलं होतं, रोज सांगितलं होतं, आणि लाल खुंटी तेवढी सांगायची राहिली होती, कारण ती मला इतकी उघड वाटत होती. त्याने भिंतीवरच्या सगळ्या जॅकेटांतून ते एकच उचललं, कारण ते माझं होतं. मी गणितबाईंना नळकांडी दाखवली. त्यांच्या हातातलं वेटोळं खाली पडलं. गणिताच्या बाई त्या, त्यांना हिशेब समजावून द्यावा लागला नाही.

मदतीची होडी नवशिक्यांना घेऊन पलीकडच्या काठाला गेली होती. गणितबाईंनी वायरलेसवर तिला हाक घातली, पलीकडून खरखर झाली, मग कुणीतरी म्हणालं, येतो, नवशिक्यांना आधी उतरवतो. "किती वेळ?" बाईंनी विचारलं. पुन्हा खरखर. मी धक्क्यावर गेले. जाताना एक फोमचं जॅकेट घातलं, पट्टा आवळला, दोन बोटं घालून बघितली. आता लिहिताना मला याची लाज वाटते, पण घातलं. तलाव राखाडी होता आणि लाटांना पांढरी टोकं आली होती. बाईंनी दुर्बीण आणून दिली. मी पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळलं. नुसतं पाणी. नुसतं पाणी बघताना आत काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण मी प्रत्येक पांढऱ्या टोकात चप्पल बघत होते. तीच ती केवढीशी चप्पल, लेक आता सत्तावीस वर्षांची बाई झालीय, दुसऱ्या शहरात नोकरी करते, सुट्टीला घरी आलीय, तरी तीच चप्पल. लहानपणी धक्क्यावर ती शिंप्याकडे माप द्यायला उभं राहावं तशी दोन्ही हात पसरून उभी राहायची आणि मी तिचे पट्टे लावायची. मोठी झाली तरी तशीच उभी राहते. मी अख्ख्या गावाला स्वतःचं जॅकेट स्वतः तपासायला शिकवलं आणि घरच्या दोघांचं मात्र आपल्या हाताने करत आले. मला दुसऱ्या कुणाच्या हातांचा भरवसा नव्हता, त्यांच्यासुद्धा नाही. एकदा ती चिडली होती. कॉलेजात होती, सहलीला निघाली होती आणि मी दारात उभी राहून एकेक विचारत होते. ती म्हणाली, "आई, तुझी भीती तुझ्याजवळ ठेव. मला नको देऊस." तेव्हापासून मी तिला विचारणं कमी केलं. भीती माझ्याजवळ ठेवली. ती सहलीहून येईपर्यंत मी जेवले नाही हे तिला कुणी सांगितलं नाही. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? हे दोघं किती मजेत झोपतात, शीळ घालतात, आणि घरातली सगळी भीती मी एकटी वाहते. वाटायचं, कुणीतरी एकदा, एका संध्याकाळपुरती, हिचं एक टोक तरी उचलावं.

"तो बघ," गणितबाई म्हणाल्या. बेटाच्या मागून शीड निघालं होतं. दुर्बिणीत आधी शीड आलं, मग होडी, मग दोघं. दोघं होती. मी मोठ्याने म्हटलं, "दोघं आहेत." नवरा सुकाणूशी, पिवळं जॅकेट गळ्यात, अगदी नीट घातलेलं. लेक त्याच्या समोर. होडी चांगलीच कलत होती. लेकीने शिडाचा दोर ढिला सोडला, शीड फडफडायला लागलं आणि होडी मधोमध थांबल्यासारखी झाली. ती नवऱ्याजवळ सरकली. त्याच्या गळ्याशी हात नेला. आणि मग जे दिसलं ते मला कळेचना. नवरा जॅकेट काढत होता. भर तलावात, त्या वाऱ्यात, त्याने दुखरा हात कसाबसा बाहेर ओढला आणि जॅकेट काढलं. तिनेही आपलं काढलं. दोघंही नुसत्या कपड्यांवर बसली होती आणि होडी खाली-वर होत होती. "काय करतायत ही!" मी ओरडले. "घाला! अरे, घाला ते!" ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मी गळ्याशी हात नेला, शिट्टी फुंकायला. गळ्याशी शिट्टी नव्हती. ती त्या जॅकेटला बांधलेली होती, तिथे, पाण्यावर. मी तोंडात दोन बोटं घालून वाजवायला गेले, नुसता फू असा आवाज आला. होडी एका लाटेवर इतकी कलली की शिडाचं टोक पाण्याला टेकलं. मी दुर्बीण खाली केली. बघवलं नाही. गणितबाईंनी माझा दंड धरला होता, त्यांचे डोळे नुसत्या होडीवर. "सरळ झाली," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "घातली दोघांनी." आणखी थोड्या वेळाने म्हणाल्या, "येतायत."

धक्क्याला लागेपर्यंत मी एकाच जागी उभी होते. मदतीची होडी मागून त्यांच्या सोबतीला आली होती. नवरा खुशीत होता, गाल लाल, केस विस्कटलेले. "अरे वा, शिट्टी आज स्वागताला!" तो म्हणाला. "दुकानातून काढून टाकलं की काय? तुझ्या लेकीने आज छळलं बघ मला. अर्ध्या वाटेत म्हणते, बाबा, तुझा पट्टा खांद्याला काचतोय, माझं घाल, तुझं मला दे. म्हटलं, अगं, नाही काचत. ऐकेल तर शपथ. तुझीच मुलगी." त्याच्या अंगावर लेकीचं जॅकेट होतं. मी पुढे झाले आणि त्याच्या जॅकेटच्या फ्लॅपखाली हात घातला, नळकांडी होती, जड, जागच्या जागी. तो म्हणाला, "झाली का तपासणी? जाऊ का चहा घ्यायला?" मी म्हटलं, "जा." त्याला काहीच माहीत नव्हतं. गणितबाई त्याच्या पाठोपाठ गेल्या, जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. लेक अजून होडीत होती. दोर गुंडाळत होती, तोच दोर पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळत होती. तिच्या गळ्यात ते जॅकेट होतं, माझी शिट्टी तिच्या छातीवर लोंबत होती.

खोलीत आम्ही दोघीच होतो. तिने जॅकेट काढलं, लाल खुंटीकडे बघितलं आणि तिथे टांगायला हात वर नेला, मग तसाच खाली आणला. "आई, हे रिकामं आहे," ती म्हणाली. मी खिशातून नळकांडी काढून तिच्यासमोर धरली. तिने ती घेतली नाही. "बेटाच्या मागे होतो," ती सांगायला लागली, आवाज अगदी सपाट, "बाबाचा पट्टा उलटा पडला होता, तो सरळ करायला गेले तर हाताला आत काही लागलंच नाही. मला वाटलं दुसऱ्या बाजूला असेल. दुसऱ्या बाजूलाही नव्हतं. तो गाणं म्हणत होता. मला त्याला सांगताच येईना. सांगितलं असतं तर त्याने हसून उडवलं असतं, नाहीतर घाबरला असता, आणि सुकाणू त्याच्या हातात. मग मी त्याला माझं घालायला लावलं. बदलताना तो केवढा वेळ नुसता बसला होता, आई. काहीच नव्हतं त्याच्या अंगावर. त्याचा हात पट्ट्यात जाईना. मी काय केलं हे." मी म्हटलं, "नळीने फुंकायचं. तोंडाने फुगतं ते." तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले. "आठवलंच नाही," ती म्हणाली. "शंभरदा ऐकलंय तुझ्याकडून. आठवलंच नाही. येताना सगळा वेळ मी पाणी बघत होते आणि मला तो खाली जाताना दिसत होता. होडी कलली की जायचा. सरळ झाली की परत समोर, गाणं म्हणत." बाहेर नवरा चहावाल्याशी काहीतरी बोलून मोठ्याने हसला. ती दचकली. मग तिने विचारलं, "आई, तुला रोज असंच होतं?"

किती वर्षं मी या प्रश्नाची वाट बघितली होती! स्वयंपाकघरात, दुकानात, रात्री छताकडे बघत, मी त्याची उत्तरंसुद्धा तयार करून ठेवली होती, लांबलचक, एकेक दिवस मोजून सांगणारी. ती सगळी जिभेपर्यंत आली. तिचे हात माझ्या हातांना लागले, ते बर्फासारखे होते आणि थरथरत होते, आणि ते थरथरणं मी ओळखलं. ते माझंच होतं. मी म्हटलं, "छे गं. रोज कुठलं? मी आपली सवयीने बडबडते." ती म्हणाली, "खरंच?" मी म्हटलं, "खरंच." मी तिच्या तळहातावर नळकांडी ठेवली आणि म्हटलं, "तूच बसव." तिने बसवली. आटे दोनदा चुकले. माझे हात पुढे जात होते, ते मी पाठीमागे धरून ठेवले. बसवून झाल्यावर तिने ओढून बघितली, परत ओढून बघितली, परत ओढून बघितली. मी म्हटलं, "झालं, बसलीय." तिने आणखी एकदा ओढून बघितली आणि जॅकेट निळ्या खुंटीवर टांगलं.

घरी जाताना गाडी नवऱ्याने चालवली, उजव्या हाताने, डावा मांडीवर ठेवून. तो शीळ घालत होता. मी त्याच्या शेजारी, लेक मागे. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, रात्री सांगणार होते, लाल खुंटीपासून सगळं, त्याला बसवून, आणि या वेळी त्याला हसू देणार नव्हते. पण तेव्हा माझं लक्ष मागच्या सीटवर होतं. तिने एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही. ती पुढचा रस्ता बघत होती, बापाचा हात बघत होती, समोरून ट्रक आला की श्वास धरत होती आणि तो गेला की सोडत होती. मला तो श्वास ऐकू येत होता. चौकात गाडी थांबली तेव्हा ती पुढे वाकली. बापाच्या छातीवरच्या सीटबेल्टच्या पट्ट्याखाली तिने दोन बोटं घातली. तो म्हणाला, "हे काय गं, खलाशी?" मग तिचा हात माझ्याकडे आला, खांद्यावरून, गार, आणि माझ्या पट्ट्याखाली दोन बोटं शिरली, तिसरं शिरत नाही ना ते तिने बघितलं. मला रडू फुटलं. नवरा शीळ थांबवून म्हणाला, "अगं, काय झालं?" मागून लेक म्हणाली, "बाबा, तू पुढे बघ."